कापता न येणारा फोटो

पैसे वाचवण्यासाठी आमच्या भाऊजींनी जेवढी अक्कल, जेवढी उन्हातली वणवण आणि घरच्यांची जेवढी बोलणी खर्ची घातली, तेवढ्या भांडवलात दुसऱ्या कोणी सूतगिरणी उभी केली असती. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. अमरावतीत आमच्या समोरच्याच घरात राहतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडू लागले. तुम्ही दोघा नातवंडांनी परदेशातून मागे मला विचारलं होतं, की इंटरनेटवर काटकसरीचा एक मराठी ब्लॉग सापडला, त्यात साबणाच्या चिपट्यांपासून छपाईच्या शाईपर्यंत सगळं आहे, आणि एका फोटोत मागे उभी राहून रागानं बघणारी बाई तूच का? होय, मीच. आणि तो राग खरा होता. माझ्या धुतलेल्या पलंगपोसाचा त्यांनी पडदा केला होता.

काटकसर पुष्कळ घरांत असते, माझ्याही घरात आहे. पण माझी काटकसर डब्यांना चिठ्ठ्या लावून फडताळात गुपचूप बसते. भाऊजींची अंगावर येते. अमरावतीचा मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. त्या महिन्यात बाकीचं गाव कूलरपुढे पडून असतं, आणि भाऊजी पंख्यासमोर दोरी बांधून तिच्यावर ओलं धोतर वाळत घालतात. हवा गार होते, धोतर वाळतं, एका विजेत दोन कामं. आलेला पाहुणा मात्र चहा पिता पिता तोंडावर फडफडणारं धोतर दुसऱ्या हातानं बाजूला करत असतो. संध्याकाळी घरात एकच ट्यूब लागते, मधल्या खोलीत. "दिव्यानं मानसापाशी जावं का मानसानं दिव्यापाशी, वैनी?" असं ते मला विचारतात, आणि त्यांची बायको सुमन त्याच दिव्याखाली एका बाजूला भाजी चिरते, दुसऱ्या बाजूला हे लेन्स पुसतात. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. ती कोरडी ठेवायची पेटी बाजारात मिळते, पण भाऊजी लेन्स फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरतात. "तांदूय ओल ओढून घेते. फुकटात!" एका दुपारी खिचडीत लेन्सचं काळं झाकण निघालं. सुमननं ते डावानं उचलून त्यांच्या ताटात ठेवलं आणि म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्याले भूक लागली असंन. त्याले बी एक पाट मांडू का?"

छपाई हा त्यांचा खास प्रांत. प्रिंटरची शाईची डबी संपली म्हणून नवीन आणणं त्यांच्या लेखी पाप. ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शन आणायचं, अकोल्याहून शाईच्या बाटल्या मागवायच्या आणि त्या रिकाम्या डबीला सुई टोचून पुन्हा जिवंत करायचं, असं त्यांचं चाले. त्यांची बोटं बाराही महिने गुलाबी आणि निळी. एका लग्नात वरपक्षाच्या बाईनं मला हळूच विचारलं, "हे पाव्हने रंगारी हायेत का?" भाऊजींनी ते ऐकलं, आणि राग येण्याऐवजी जेवण होईपर्यंत तिला शाई कशी वाचवावी ते सांगितलं. कागद पाठकोरेच वापरायचे. आमच्याकडे दिवाळीला आलेल्या त्यांच्या शुभेच्छांच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी गॅसच्या अर्जाची झेरॉक्स होती. एकदा निळा आणि गुलाबी दोन्ही रंग संपले. उरलेला पिवळा कशाला वाया घालवायचा म्हणून त्यांनी आमच्या गल्लीतल्या एका बाईंचे फोटो तेवढ्यावरच छापून दिले. बाईंनी आपला चेहरा पाहिला आणि त्या तडक कावीळ तपासायला दवाखान्यात गेल्या. काही निघालं नाही. भाऊजी म्हणाले, "पाहा, माह्यामुळं तपासनी तं झाली!"

पुढे त्यांना ब्लॉगचा नाद लागला. ती आमच्याकडची भारनियमनाची वर्षं, दिवसाचे कित्येक तास वीज नसे. त्यामुळे ब्लॉगवरचा त्यांचा पहिला नियम, "लिहायचं अंधारात, चढवायचं उजेडात." फोटो चढवण्याआधी लहान करावा, म्हणजे सायबर कॅफेत बसण्याचा वेळ वाचतो. फ्लॅशवर दुधाची धुतलेली पिशवी बांधावी, उजेड मऊ पडतो. थर्माकोलचा तुकडा फेकू नये, चेहऱ्यावर ऊन वळवायला कामी येतो. औरंगाबादच्या कुणी वाचकानं विचारलं, "नवशिक्यानं कोणता कॅमेरा घ्यावा?" भाऊजींनी उत्तर दिलं, "शेजाऱ्याचा." कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक इंग्रजीत. ते घेऊन रोज सकाळी माझ्याकडे यायचे. "वैनी, तुमी इंग्रजीच्या मास्तरीन. हे काय बोंबलून राहिले ते सांगा बरं." मी वाचून अर्थ सांगायची, आणि ते मान हलवून म्हणायचे, "म्हंजे पिशवीचंच म्हनून राहिले, पन लांबून."

मग एके दिवशी ब्लॉगवर एक नवा सल्ला आला. "एकट्या माणसाचा फोटो काढू नये. कागद वाया जातो. एका कागदावर दोन माणसं आरामात बसतात." आम्ही सगळे हसलो. पण भाऊजी हा नियम कुणाचीही भीड न धरता पाळू लागले. एकटा माणूस फोटोला आला की ते त्याच्या शेजारी कुणाला तरी आणून बसवायचे, सुमनला, दूधवाल्याला, माझ्या घरी आलेल्या पाहुण्याला. लग्नासाठी फोटो काढायला आलेल्या एका मुलीजवळ त्यांनी तिच्या आत्याला बसवलं, आणि मुलाकडच्यांचा निरोप आला, "दोघींतली मुलगी कोणती ते कळवावे."

खरं कारण मला सुमननं सांगितलं, आणि त्यानंतर मला त्या नियमाचं हसू आलं नाही. ती वऱ्हाडातली फार वाईट वर्षं होती, मुलांनो. सकाळी वर्तमानपत्र आलं की तुमचे आजोबा आधी ते स्वतः चाळत आणि शेतकऱ्यांच्या बातम्यांचं एक पान आतल्या बाजूला घडी घालून मगच माझ्या हातात देत. भाऊजींनी नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात एका माणसाचा फोटो काढला होता. बैलगाडीच्या जुवावर बसून मोठ्यानं हसणारा, एकटा. दुपारच्या उन्हात फोटो कसा काढावा याचा नमुना म्हणून त्यांनी तो ब्लॉगवर चढवला होता. काही महिन्यांनी त्या माणसाचा भाऊ विचारत विचारत घरी आला. "तुमच्यापाशी आमच्या भावाचा फोटो हाये म्हन्ते. मोठा करून द्या. घरी दुसरा नाई." भाऊजींनी त्या दिवशी नवीकोरी शाईची डबी उघडली, चकचकीत कागद काढला, आणि फोटो छापून दिला. मग ब्लॉगवरचा तो हसरा माणूस काढून टाकला. त्यानंतर अशी माणसं येतच राहिली. कुणी मतदार ओळखपत्र घेऊन, कुणी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन. "ह्याच्यातून हा एवढा कापून द्या." भाऊजी कापून द्यायचे. बाजूच्याचा हात खांद्यावर राहिला असेल तर तो पुसायचे. पैसे घ्यायचे नाहीत, शाई वाचवायचे नाहीत. फक्त स्वतः कॅमेरा उचलून एकट्याचा फोटो काढणं त्यांनी सोडलं ते कायमचं.

भाऊजींची धाकटी बहीण शकू मूर्तिजापूरपलीकडच्या एका खेड्यात दिलेली. तिचे यजमान, आम्ही त्यांना जावईच म्हणतो, जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर त्यांचा सगळा दिवस चाले. जिनिंग बंद पडलं आणि ते घरी बसले. मोठे गमत्ये गृहस्थ. चहात साखर कमी पडली तर शकूशी असे भांडायचे की ऐकायला शेजारी ओट्यावर यायचे. शकू मला एकदा फोनवर म्हणाली, "वैनी, आता भांडत नाईत हो. कसा बी चहा देल्ला तं पिऊन घेतेत." ती हे तक्रारीसारखं सांगत होती.

एका दुपारी भाऊजी रस्ता ओलांडून आले. गळ्यात कॅमेरा नव्हता. त्यांची मान तशी मोकळी मी कधी पाहिली नव्हती.

"वैनी, जवायाचा फोन आलता. फोटो पायजे म्हन्ते."

"मग द्या की काढून."

"एकट्याचा. मोठा. चांगल्या कागदावर. अन् शकूले सांगू नका म्हन्ते."

मी म्हटलं, "विम्याला लागत असेल. बँकेत लागत असेल."

"त्याले लहान लागते," भाऊजी म्हणाले. "मोठा कायले लागते, ते तुमाले बी मालूम हाये."

मग तेच पुढं म्हणाले, "मी फोटो देत नाई तवर थांबंन तो. शिस्तीचा मानूस हाये. फोटो भेटल्याबिगर काई करनार नाई." हे खरं मानायला काहीच आधार नव्हता, पण आम्हा दोघांना त्या दुपारी दुसरं काही धरायला नव्हतं. आणि मग सुरू झालं चालढकलीचं नाटक. भाऊजी फोनवर एरवी तार केल्यासारखे बोलत, "पोचलो, बरा, ठेवतो." ते आता रोज जावयांना फोन लावून तासतासभर बोलू लागले. माझ्या व्हरांड्यात सगळं ऐकू यायचं. शाई संपली आहे. अकोल्याचा शाईवाला पंधरा दिवस गावाला गेला आहे. कागदाला ओल लागली. वीज नाही. आणि मग फोन ठेवायची वेळ येऊ नये म्हणून साबणाच्या चिपट्या कशा चिकटवाव्यात, धोतर कोणत्या उंचीवर बांधावं, दुधाची पिशवी कशी धुवावी. पलीकडून जावई फक्त "हो दादा, हो दादा" म्हणत असावेत. शेवटी एका संध्याकाळी भाऊजी फोन ठेवून माझ्याकडं आले. जावई म्हणाले होते, "राहू द्या दादा, तरास नका घेऊ. उद्या मूर्तिजापूरच्या बाजाराले जाऊन राहिलो. तिथं स्टुडिओ हाये. काढून घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊजींनी भाड्याची गाडी बोलावली. जन्मात कधी ऑटोत न बसलेला हा माणूस. सुमनचे गुडघे धरले होते, म्हणून बरोबर मी गेले. बडनेरा मागं पडलं तसं ऊन चढू लागलं. ड्रायव्हरनं विचारलं, "काका, एसी लावू का?" आणि भाऊजी म्हणाले, "लाव बापा, काय लावाचं ते लाव." वाटभर ते कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि मी मनातल्या मनात जावयांना काय काय सांगायचं त्याची वाक्यं एकामागून एक लावत होते. आधी धीर, मग शकूचं काय होईल ते, मग डॉक्टर.

गावात शिरलो तर हातपंपावर बायका पाणी भरत होत्या. एकीची नजर त्या पिशवीवर गेली आणि तिचा हात थांबला. "कोनाच्या घरी हो?" तिनं विचारलं. दुसरी पुढं आली. "आमच्या गल्लीत तं सारे बरे हायेत. कोनाच्या घरी झालं?" त्या वर्षांत त्या गावांत कॅमेरा यायचा तो एकाच कारणानं यायचा, हे मला तिथं उभं राहून समजलं.

"आमी पाव्हने आहो, माय," भाऊजी म्हणाले. "शकूचा भाऊ मी."

"मंग ते थैली झाका नं बापा! जीव घेता का आमचा?"

भाऊजींनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि पिशवीभोवती गुंडाळला.

जावई ओसरीतल्या बाजेवर बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा. बाजाराला निघायच्या तयारीत. शकूला भाऊ आल्याचा आनंद झाला, मग असा न कळवता का आला म्हणून भीती वाटली, आणि दोन्ही लपवायला ती चहा टाकायला आत गेली.

"दादा, तुमी काहून आले? मी तं जानारच होतो."

"शाई भेटली," भाऊजी म्हणाले.

"मंग काढा."

"कायले पायजे ते सांगा आदी."

जावयांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जिनिंगवरचा एक गडी गेला मांगच्या महिन्यात. घरी फोटो नाई. त्याच्या बायकोनं गेटपासवरचा देल्ला. त्यात ना डोये दिसे, ना तोंड. हार कोनाले घातला ते समजे ना. मी म्हन्लं, आपला बरा काढून ठेवावा. सदऱ्याची इस्त्री हाये तवर."

"अहो, पण तुम्हाला झालंय काय?" मी म्हणाले.

"काईच नाई, वैनी. दिवस निघते, दिवस बुडते."

गाडीत लावलेली माझी सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी भाऊजींकडं पाहिलं. त्यांनीही उपदेशाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी दुपट्टा सोडून कॅमेरा बाहेर काढला, आणि जो कॅमेरा सुमनलाही पुसायला देत नसत, तो माझ्या गळ्यात घातला. "हे बटन. आदी अर्ध दाबा, मंग पुरं." मग जावयांना म्हणाले, "सरका."

बाजेवर ते जावयांना अगदी चिकटून बसले. आपला खांदा त्यांच्या खांद्यापुढं घेतला. जावयांचा हात उचलून आपल्या मानेमागून काढला. स्वतःचा हात त्यांच्या छातीवर आडवा टाकला, गुलाबी निळ्या बोटांसकट, पांढऱ्या सदऱ्यावर. डोक्याला डोकं लावलं, आणि वरून तो दुपट्टा दोघांभोवती लपेटला.

"दादा, गरम होते नं."

"होऊ द्या."

"असा फोटो असते का कुठं? लोकं हासतीन."

"हासू द्या. कान लावा. अजून लावा. वैनी, दाबा!"

मी दाबलं. पुन्हा दाबलं. शकू चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. "अगो माय! हे काय करून राहिले तुमी दोघं?"

भाऊजी जागचे हलले नाहीत. तसेच, कानाला कान लावून, ते जावयांना म्हणाले, "जवाई, मी गंज लोक कापून काढले फोटोतून. लग्नातले काढले, वरातीतले काढले, लेकरू कडेवर असलेले काढले. मले मालूम हाये कोठून कात्री चालते. ह्या फोटोतून तुमाले काढाले कोनाच्या बापाले जमनार नाई. तुमचा खांदा माह्या मांगं हाये अन् माहा हात तुमच्यावर. तुमाले कापलं तं मी बी कापल्या जातो. पायजे असंन तं हाच फोटो भेटंन. दुसरा नाई."

जावई समोर बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि भाऊजी एवढे चिकटून बसले होते की दोघंही हलत होते. शकूनं चहा खाली ठेवला. तिला कुणी काही सांगितलं नाही, पण तिला सगळं कळलं, आणि ती जावयांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

त्याच गाडीनं आम्ही दोघांना अमरावतीला घेऊन आलो. डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि हळूहळू जावयांना बोलतं केलं. त्या काळात जावई भाऊजींच्या मधल्या खोलीत, त्या एका ट्यूबखाली बसून इंजेक्शननं शाई भरायला शिकले. पुढे संत्र्याच्या हंगामात त्यांना वरूडला एका पॅकिंग शेडवर काम मिळालं, आणि ते आणि शकू तिकडं गेले. मी काढलेला तो फोटो थोडा हललेला आहे. भाऊजींनी तो चांगल्या कागदावर छापून दिला, आणि तो वरूडच्या खोलीत दारासमोर लावलेला आहे.

ते वरूडला गेल्यावर भाऊजी पुन्हा रोज फोन करू लागले. जावई शेवटी वैतागले. "दादा, रोज रोज काय बोलता? मी आहो नं!"

"तेवढंच ऐकाचं असते," भाऊजी म्हणाले. "बाकी साबनाचं मी असंच सांगतो."

मग दोघांनी मिळून तोडगा काढला. तुम्हाला तिकडं हे माहीत नसेल, पण फोन वाजला आणि कुणी उचलला नाही तर पैसे पडत नाहीत. दिवेलागणीला भाऊजी एक रिंग देऊन फोन बंद करतात. त्यावर जावई एक रिंग देऊन बंद करतात. एवढंच. काटकसरीच्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही थोर वाटते, पण ब्लॉगवर त्यांनी ती कधी लिहिली नाही.

आता बोलणं जवळजवळ फुकट झालं आहे. तुम्ही मला चालता चालता फोनवर चेहरा दाखवता. तरी यांचं ते एका रिंगेचं चालूच आहे. त्या वेळी मी व्हरांड्यात भाजी निवडत असते. इकडची रिंग जाते, आणि तिकडची लगेच येतेच असं नाही. कधी जावई शेडवर ट्रक भरून घेत असतात, कधी फोनची बॅटरी उतरलेली असते. ती मधली वेळ मला अजून सवयीची झालेली नाही. हातातल्या शेंगा मी उगीचच एका ओळीत लावत बसते. भाऊजींना आताशा नीट ऐकू येत नाही, म्हणून ते रिंगेची वाट कानानं पाहत नाहीत. फाटकाशी उभे राहून फोन दोन्ही हातांच्या ओंजळीत धरतात, पाखराचं पिल्लू धरावं तसा, आणि त्याच्याकडं बघत राहतात. मग केव्हातरी त्यांच्या ओंजळीत तो फोन थरथरतो आणि थांबतो. "आहेत, वैनी!" ते रस्त्यापलीकडून ओरडून सांगतात, आणि आम्ही दोघंही आपापल्या घरात जातो.